एस्तेरची गुंडाळी : अक्षर आणि समास

ज्यू धर्मग्रंथांच्या हस्तलिखित गुंडाळ्यांविषयी कलेतिहासाच्या ग्रंथांत आणि प्रदर्शनांच्या सूचींत एक विधान वारंवार आढळते. तोराची, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची, गुंडाळी चित्रांनी सजवीत नाहीत. एस्तेरच्या ग्रंथाची गुंडाळी मात्र सजवितात, कारण या ग्रंथाच्या हिब्रू पाठात ईश्वराचे नाव एकदाही येत नाही. हे विधान खोटे नाही. परंतु ते सजावटीला मुभा कशी मिळाली एवढेच सांगते. ती सजावट का झाली आणि झाली ती कोणत्या गुणाची झाली, या दोन्ही प्रश्नांना ते स्पर्श करीत नाही. 'गीतरत्न' या ग्रंथातही, एका शब्दाच्या अखेरीस दडलेला अंश सोडल्यास, ईश्वराचे नाव नाही. शिवाय तो शृंगाराचा, उद्यानांचा, हरिणांचा आणि द्राक्षमळ्यांचा ग्रंथ. चित्रकाराला याहून अनुकूल विषय कोणता? तरीही सचित्र गुंडाळ्यांची जी समृद्ध परंपरा एस्तेरभोवती उभी राहिली, तिच्या तोडीची परंपरा गीतरत्नाच्या वाट्याला आली नाही. तेव्हा नामाचा अभाव हे दार उघडण्याचे निमित्त झाले. आत कोण आले आणि काय घेऊन आले याचा शोध अन्यत्र घेतला पाहिजे.

त्यासाठी प्रथम तोराच्या गुंडाळीकडे पाहावे लागते. ती लिहिणाऱ्या लेखनिकाला 'सोफेर' म्हणतात. भक्ष्य मानलेल्या पशूच्या चर्मापासून केलेले चर्मपत्र, त्यावर टोकदार साधनाने दाबून केलेली शाईविरहित आखणी, काळी शाई, आणि पक्ष्याच्या पिसाची लेखणी किंवा बोरू ही त्याची सामग्री. युरोपातील अश्केनाझी लेखनिक पिसाकडे वळले. पूर्वेकडील आणि सेफार्दी परंपरेत बोरू अधिक चालला. चर्मपत्रे एकमेकांस जोडावयाची ती स्नायूंच्या दोऱ्याने. मजकूर पाठ असला तरी समोरच्या प्रतीवरून पाहूनच लिहावयाचा. मजकुराची अक्षरे ३,०४,८०५ मोजली जातात, आणि त्यांतील एक गळले वा चुकले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी सार्वजनिक वाचनाला चालत नाही. सोन्याची शाई वर्ज्य आहे. 'सोफेरीम' या लेखनिकांच्या नियमग्रंथात अलेक्झांड्रियाच्या एका गुंडाळीची कथा येते: तीत ईश्वराची नामे सुवर्णाक्षरांनी लिहिली होती; पंडितांना हे कळताच त्यांनी ती गुंडाळी वापरातून काढून ठेवावयास सांगितले. म्हणजे भक्तीच्या पोटी केलेला अलंकारही येथे दोष ठरला.

अलंकाराची हौस मग गुंडाळीच्या बाहेर प्रकटली. रेशमी आणि मखमली आवरणे, चांदीचे मुकुट, वाचताना ओळीवर फिरवावयाचा चांदीचा हात, पूर्वेकडील समाजांत गुंडाळी उभी ठेवण्यासाठी केलेली लाकडी वा धातूची 'तिक' नामक पेटी, या सर्वांवर कारागिरांनी भरपूर कसब खर्च केले आहे. पण यावरून गुंडाळीचे अंतरंग अनलंकृत आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. हिब्रूतील सात अक्षरांच्या माथ्यावर तीन-तीन बारीक रेषांचे मुकुट काढावे लागतात. समुद्र ओलांडल्यानंतरचे विजयगीत नेहमीच्या सलग ओळींत न लिहिता विटांच्या बांधकामाप्रमाणे लिहितात. अक्षरांवर कोरी जागा आणि कोऱ्या जागेवर अक्षरे येतील अशी त्याची मांडणी ठरलेली आहे. प्रत्येक स्तंभ 'वाव' या अक्षराने सुरू व्हावा अशी प्रथाही पुढे रूढ झाली, आणि रोथेनबुर्गच्या मेईर या १३ व्या शतकातील पंडिताने तिला हरकत घेतली. स्तंभाचा आरंभ साधण्यासाठी लेखनिक अक्षरे अनैसर्गिकपणे ताणतो किंवा दाटीवाटीने कोंबतो, ही भीती त्यामागे होती. हरकतीचे हे कारण कलासमीक्षेच्या दृष्टीने मोलाचे आहे. येथे वाद चित्रांचा नव्हता. अक्षर आणि त्याच्या भोवतीचा अवकाश यांचे प्रमाण कोणी, कशासाठी बिघडवावे, हा तो वाद होता. ज्या समाजात असा वाद होतो त्याची दृष्टी रूपाविषयी बधिर होती असे कोण म्हणेल?

एस्तेरच्या ग्रंथाला याच नियमांचा मोठा भाग लागू होतो. चर्मपत्र, शाई, आखणी आणि हस्तलेखन येथेही आवश्यक आहे. योसेफ कारो याचा 'शुल्हान आरूख' हा जो आचारसंहितेचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला, त्यात ते नियम नोंदलेले आहेत. छापलेल्या प्रतीवरून केलेले वाचन विहित वाचन ठरत नाही. तथापि एका बाबतीत हा ग्रंथ निराळा आहे. तो स्वतःला 'सेफेर' म्हणजे ग्रंथ म्हणवतो आणि 'इग्गेरेत' म्हणजे पत्रही म्हणवतो. तालमूदमधील पंडितांनी या दोन नावांवरून दोन विधी काढले: ग्रंथ म्हणून तो तागाच्या दोऱ्याने शिवलेला चालणार नाही; पत्र म्हणून सबंध जोड स्नायूंनी शिवला नाही, तीनच टाके घातले, तरी चालेल. पाठात काही शब्द गळले तरी, बहुतांश मजकूर लिहिलेला असल्यास, वाचन फुकट जात नाही. पुरीमच्या दिवशी वाचकाने ही गुंडाळी आधी उलगडून, पत्राप्रमाणे घड्या पाडून समोर ठेवावयाची असते. तोराला दोन दांडे असतात. हिला एकच असतो किंवा मुळीच नसतो. तोराची गुंडाळी समाजाच्या मालकीची, सभास्थानातील कपाटात राहणारी. ही कुटुंबाची, वराला भेट देण्याजोगी, चांदीच्या नळीत घालून घरी ठेवण्याजोगी असते. तिचे वाचन ऐकणे स्त्रियांनाही बंधनकारक आहे.

सजावटीचे मूळ या दुहेरी स्वभावात शोधले पाहिजे. ग्रंथ असल्यामुळे अक्षर बांधलेले राहिले. पत्र असल्यामुळे समास मोकळा झाला. चित्रकाराने जे काही केले ते या दोहोंच्या सीमेवर केले, आणि त्या सीमेवर काय घडले यावरूनच त्याच्या कामाचे मोल ठरते.

खुद्द कथाही लेखनाची आहे, याकडे चित्रांचे अभ्यासक पुरेसे लक्ष देत नाहीत. शूशन नगरीतील अहश्वेरोश राजा वश्ती राणीला पदच्युत करतो ते सर्व प्रांतांना, प्रत्येकाच्या लिपीत आणि भाषेत, पत्रे पाठवून. मर्दखयाने राजाचे प्राण वाचविले ही गोष्ट बखरीत नोंदली जाते आणि विसरली जाते. हामान ज्यूंच्या संहाराची आज्ञा लिहवून राजमुद्रा उमटवितो. राजाला एका रात्री झोप येत नाही म्हणून ती बखर वाचली जाते, आणि तेथून कथेचे चाक उलटे फिरते. एकदा राजाच्या नावे लिहिलेले आणि मुद्रांकित झालेले रद्द करता येत नसल्यामुळे एस्तेर आणि मर्दखय यांना दुसरे पत्र लिहावे लागते. अखेरीस सण स्थापन होतो तोही पत्रांनीच. १६७ वचनांच्या या लहान ग्रंथात शस्त्रापेक्षा लेखणी अधिक वेळा चालते. अशा कथेची प्रत हाताने करणारा लेखनिक कथेतील राजलेखकांचेच काम पुन्हा करीत असतो. लिहिणारे लेखक आणि धावणारे जासूद समासांतील प्रसंगचित्रांत दिसतात, ते केवळ कथेचा तपशील म्हणून नव्हे. शेजारी चाललेल्या कामाचे ते प्रतिबिंब आहे.

चित्रांचा इतिहास मात्र सलग नाही. दुरा-युरोपोस येथील सभास्थानाच्या भिंतींवर, इ. स. २४४-४५ च्या सुमारास, सिंहासनावरील अहश्वेरोश, एस्तेर आणि घोड्यावर बसलेला मर्दखय रंगविलेले आहेत. १९३२ मध्ये हे सभास्थान उत्खननात सापडले, तेव्हा ज्यू धर्म आणि मानवाकृती यांचे नाते मुळातच वैराचे आहे हा समज मोडून पडला. पण भिंत ही गुंडाळी नव्हे. सजविलेल्या गुंडाळ्या उपलब्ध होतात त्या १६ व्या शतकापासून, आणि प्रथम इटलीत. व्हेनिस येथे १५६४ मध्ये एस्तेल्लीना बत मेनाहेम हिने लिहिलेली गुंडाळी ही तिथीयुक्त सुशोभित गुंडाळ्यांपैकी ज्ञात असलेली सर्वांत जुनी समजली जाते. ती झुरिच येथील ब्रागिन्स्की संग्रहात आहे. त्यापुढे फेरारा येथे मोशे पेस्कारोल याच्यासारखे लेखनिक १७ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कथेतील प्रसंग चितारू लागले.

स्थळ आणि काळ यांचा हा योग निव्वळ यदृच्छेचा वाटत नाही. १६ व्या शतकाच्या पूर्वार्धात व्हेनिस ही हिब्रू मुद्रणाची राजधानी होती. दानिएल बोम्बेर्ग याच्या छापखान्यातून १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद बाहेर पडले. १५५३ मध्ये त्याच नगरीत तालमूदच्या प्रती जाहीरपणे जाळल्या गेल्या आणि सुमारे दशकभर तेथील हिब्रू मुद्रण थंडावले. या दोन्ही घटनांचा हस्तलेखनाशी संबंध आहे. प्रार्थनापुस्तके, भाष्ये, आचारग्रंथ यांच्या प्रती करणे हे जे लेखनिकांचे उपजीविकेचे साधन होते, ते छापखान्याने क्रमाक्रमाने काढून घेतले. नियमानेच हाताने लिहावयाचे असे जे उरले ते मोजके: तोरा, दारावर लावावयाची मेझूझा, प्रार्थनेच्या वेळी बांधावयाच्या पेट्यांतील लेख, आणि एस्तेर. या चौघांत पहिल्या तिघांना सजावट चालत नाही. तेव्हा ज्या लेखनिकाला अक्षराखेरीज आणखी काही करून दाखवावयाचे होते, त्याला एस्तेरची गुंडाळी हेच एक मैदान शिल्लक राहिले. एस्तेरच्या सजावटीचा उत्कर्ष हे मध्ययुगातून चालत आलेले लेणे नसून मुद्रणयुगाने हस्तकलेवर आणलेल्या संकोचाचे फळ आहे, असे मानण्यास येथे आधार मिळतो. ईश्वरनामाचा अभाव तर हजारो वर्षे होताच. तो एकटाच कारण असता तर इतका उशीर का लागावा?

या दृष्टीने सालोम इतालिया याचे काम विशेष तपासण्याजोगे आहे. मांतुआ येथे जन्मलेला हा कोरणकार १६४० च्या दशकात ॲम्स्टरडॅम येथे काम करीत होता. मनश्शे बेन इस्राएल या विद्वान मुद्रकाचे १६४२ मधील व्यक्तिचित्र त्याने कोरलेले आहे. एस्तेरच्या गुंडाळीसाठी त्याने तांब्याच्या पत्र्यावर समास कोरले आणि ते चर्मपत्रावर छापले. मधली जागा कोरी राहिली; तीत लेखनिकाने मजकूर हाताने भरावयाचा. त्याच्या सुप्रसिद्ध रचनेत मजकुराचे स्तंभ भव्य कमानींच्या आत बसतात. कमानींच्या मध्ये एस्तेर, अहश्वेरोश, मर्दखय इत्यादी पात्रे पूर्णाकृती उभी आहेत. खाली चौथऱ्यांच्या जागी कथेतील प्रसंगांची लहान चित्रे आहेत. राजे-राण्या नगरप्रवेश करीत तेव्हा नेदरलँड्समधील नगरे लाकूड आणि कापड यांच्या ज्या तात्पुरत्या विजयकमानी उभारीत, त्यांची आठवण या कमानी करून देतात. ज्या कथेत मर्दखयाला राजवस्त्रे घालून नगरातून मिरवितात, त्या कथेला ही योजना शोभते. आणखी एक गोष्ट. हिब्रूत 'अमूद' या शब्दाचा अर्थ खांब असा होतो आणि लिखित मजकुराचा उभा पट्टा असाही होतो. मराठीतील 'स्तंभ' या शब्दाने ही जोडी सहज कळते. कोरणकाराने तो श्लेष मुद्दाम साधला असो वा नसो, त्याच्या रचनेत लिखित स्तंभ दगडी स्तंभांच्या मध्ये उभा राहतो आणि दोहोंचे वजन एकमेकांस पेलते.

आता अशा गुंडाळीला हस्तकलेची कृती म्हणावे काय? सामान्य प्रेक्षक चित्र पाहून हो म्हणतो. तंत्र कळलेला प्रेक्षक, चित्र छापील आहे हे समजताच, थोडा निराश होतो. दोघांचेही उत्तर चुकीच्या जागेवर दिलेले आहे. जे विपुल आणि नेत्राकर्षक आहे ते यंत्राने उमटलेले असून जे शांत आणि एकरंगी आहे, तेच प्रत्येक प्रतीत नव्याने हाताने घडलेले आहे. शिवाय छापील समासामुळे लेखनिकाचे काम हलके झाले असे नाही. कमानींची रुंदी आणि त्यांची संख्या आधीच ठरलेली. मजकुरातील एक शब्द कमी-जास्त करण्याची मुभा नाही. सगळी तडजोड अक्षराच्या अंगाने व्हावयाची. आलेफ, हे, लामेद, ताव यांसारखी काही अक्षरे आडवी ताणता येतात, शब्दांमधील जागा किंचित घटविता-वाढविता येते, एवढेच त्याच्या हाती असते. चांगल्या प्रतीत ही तडजोड दिसत नाही, ओळ श्वासासारखी चालते. वाईट प्रतीत कमानीच्या अखेरच्या ओळी अंग चोरून उभ्या असलेल्या दिसतात, किंवा मजकूर संपला तरी कमान उरते. ताम्रपत्रा एकच असला तरी त्यात उतरलेल्या दोन गुंडाळ्यांचा दर्जा यामुळे भिन्न होतो, आणि समीक्षेने हा फरक सांगितला पाहिजे. व्हेनिसच्या फ्रान्चेस्को ग्रिझेलिनी याने १८ व्या शतकात कोरलेले समासही अनेक लेखनिकांनी वापरले. ग्रिझेलिनी स्वतः ज्यू नव्हता. चित्रकार एका धर्माचा आणि लेखनिक दुसऱ्या, ही वाटणी नियमाला बाध आणीत नाही, कारण नियमाची पकड समासावर नव्हतीच.

लेखनिकांनी स्वतःहून लावून घेतलेल्या एका बंधनाचा विचार येथेच केला पाहिजे. एस्तेरच्या पुष्कळ गुंडाळ्यांत पहिला सोडून प्रत्येक स्तंभ 'हम्मेलेख', म्हणजे 'तो राजा', या शब्दाने सुरू होतो. ग्रंथात राजा हा शब्द दीडशेहून अधिक वेळा येत असल्यामुळे हे शक्य होते. सोपे मात्र होत नाही. तो शब्द समान अंतरावर येत नाही, त्यामुळे काही स्तंभ ऐसपैस आणि काही आखूड होतात, किंवा अक्षरांचा आकार बदलावा लागतो. रोथेनबुर्गच्या मेईरने वावच्या प्रथेवर घेतलेला आक्षेप येथे अधिकच लागू पडतो. या प्रथेचा भाविक अर्थ असा की, ग्रंथात ज्याचे नाव नाही तो परमेश्वरच या 'राजा' शब्दाआडून प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर विराजमान आहे. कल्पना म्हणून ती सुंदर आहे यात शंका नाही. पण कृती म्हणून ती प्रत्येक वेळी साधतेच असे नाही. जेथे एका स्तंभात ओळी ओसाड पडतात आणि शेजारच्या स्तंभात गर्दी होते, तेथे भक्तीने हस्ताक्षराचा बळी घेतला असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. उलट ज्या गुंडाळ्यांत स्तंभांची रुंदी बदलते तरी अक्षराचे घटित ढळत नाही, तेथे हा शब्द वाचकाला शोधावा लागत नाही आणि डोळ्यांत खुपतही नाही. ईश्वरनामाच्या अभावाचा खरा कलात्मक उपयोग, समासातील सिंह-मयूरांपेक्षा, या मांडणीत झाला आहे.

अक्षरमांडणीचे याहून प्रखर उदाहरण नवव्या अध्यायात येते. हामानाच्या दहा पुत्रांची नावे तेथे एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत, उजवीकडे लिहितात. प्रत्येक नावानंतर येणारा लहानसा जोडशब्द डावीकडे त्याच ओळीत. मध्ये कोरा पट्टा. विजयगीताच्या मांडणीत वीट आणि अर्धी वीट यांची जी आडवी-तिडवी गुंफण असते ती येथे मुद्दाम टाळलेली आहे. तालमूद त्याचे कारण देते: विटेवर वीट आणि अर्ध्या विटेवर अर्धी वीट अशी भिंत सांध्यांत सांधा न मिळाल्यामुळे टिकत नाही, या लोकांना पडल्यावर पुन्हा उभे राहता येऊ नये. काही अक्षरे परंपरेने बारीक लिहितात आणि शेवटच्या नावातील वाव लांब करतात. ही दहाही नावे वाचकाने एका श्वासात म्हणावयाची असतात. बांधकामाची भाषा, शाप, डोळ्यांना दिसणारी पोकळी आणि वाचणाऱ्याच्या छातीतील श्वास ही चारही येथे एका आकृतीत एकत्र आली आहेत, आणि तीही रंगाच्या एका थेंबाशिवाय.

या स्तंभाच्या शेजारी अनेक चित्रकार दहा प्रेते लोंबकळणारा फास रंगवितात. पन्नास हात उंच खांबावर हामान लटकतो हे चित्र समासाच्या उभ्या जागेत सोयीचे बसते, आणि लोकांना ते आवडतही असले पाहिजे. सणाचा उन्माद त्यात आहे. तरीही येथे चित्र अक्षराला काही देत नाही. अक्षरांनी जे पोकळीतून सुचविले ते चित्र पुन्हा मोठ्याने सांगते. पंचाहत्तर हजार शत्रू मारले गेल्याचा उल्लेख याच अध्यायात आहे आणि तो आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. त्या अस्वस्थतेला अक्षरांची कठोर मांडणी जागा ठेवते, विनोदी ढंगाने काढलेली प्रेते ठेवीत नाहीत. अर्थात सर्व समासचित्रे अशी नाहीत. मेजवानीचे, निद्रानाशाच्या रात्रीचे आणि जासूदांच्या दौडीचे प्रसंग जेथे गुंडाळीच्या लांबीचा उपयोग करून घेतात, जेथे घोडे मजकुराच्या दिशेनेच, उजवीकडून डावीकडे, धावतात, तेथे समास आणि अक्षर एकाच गतीने चालतात. पुस्तकाच्या पानाला हे जमणे कठीण. गुंडाळीला ते स्वभावतः जमते.

१८ व्या शतकात मोराविया, बोहेमिया आणि व्हिएन्ना येथे सुशोभित हिब्रू हस्तलिखितांना पुन्हा बहर आला. दरबारात वावरणाऱ्या श्रीमंत ज्यू कुटुंबांना छापील पुस्तक पुरेसे वाटेना. गेविच येथून आलेला आरॉन वोल्फ हर्लिंगेन हा व्हिएन्नाच्या शाही ग्रंथालयात लेखनिक होता. त्याची सूक्ष्माक्षरे प्रसिद्ध आहेत. या काळातील हस्तलिखितांच्या मुखपृष्ठांवर, मजकूर ॲम्स्टरडॅमच्या अक्षरांत लिहिला आहे, अशी प्रौढी आढळते. ॲम्स्टरडॅमची अक्षरे म्हणजे तेथील छापखान्यांचे ठसे. एका शतकापूर्वी छापखान्याने हाताला समास काढून दिला होता. आता हात छापखान्याचे अक्षर गिरवू लागला. एस्तेरच्या गुंडाळीपुरते हे अनुकरण रोखले गेले, कारण तिच्या अक्षराचे वळण विधीने ठरविलेले होते. बंधनाने कलेचे रक्षण केल्याचे हे एक स्वच्छ उदाहरण होय.

बंधन काढून घेतल्यावर काय होते याचेही उदाहरण उपलब्ध आहे. हनोव्हरच्या लायब्नित्स ग्रंथालयात १७४६ सालची एक गुंडाळी आहे. हिल्डेसहाइमच्या वोल्फ लाइब कात्स पॉपर्स याने ती केली असून तिची लांबी सहा मीटरांहून अधिक आहे. चित्रे विपुल आणि रंगीत आहेत, वस्त्राभूषणे चित्रकाराच्या काळची आहेत; परंतु मजकूर जर्मन भाषेत आहे. तेव्हा सभास्थानातील हिब्रू वाचनासाठी ती केलेली नाही हे उघड होते. कौतुकाने पाहावी अशीच ही वस्तू आहे, आणि तिची अनुकृतीही प्रकाशित झालेली आहे. मात्र तिच्यात मजकूर चित्रांचा परिचय करून देण्याच्या कामी लागला आहे. जेथे अक्षराला कोणतीही अट उरली नाही तेथे समास मध्यभागी आला. कथा रंगली, पण सीमेवरचा ताण नाहीसा झाला.

महाराष्ट्राचा या विषयाशी येणारा संबंध थोडा आहे, पण खरा आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज पुरीमला 'होळीचा सण' म्हणत असे, अशी नोंद हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या १८९७ मध्ये लिहून झालेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात आहे. अदार महिन्याची चौदावी तिथी फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येते, त्यावरून हे नाव पडले हे स्पष्ट आहे. हिब्रू ग्रंथांशी या समाजाचा परिचय नव्याने दृढ झाला तो मुख्यतः १८ व्या आणि १९ व्या शतकांत. मुंबईतील 'शाआर हारहमीम' हे त्यांचे पहिले सभास्थान १७९६ मधील. म्हणजे ते या परंपरेत आले तेव्हा मुद्रणाचा विजय पूर्ण झाला होता. त्यामुळे त्यांची दृश्यकल्पना गुंडाळीच्या समासात न दिसता छापील पुस्तकात दिसावी, हे क्रमप्राप्तच होते. पुणे येथे १८७४ मध्ये मराठी अनुवादासह छापलेला 'हागादा', म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा ग्रंथ, याची साक्ष देतो. त्यातील काही चित्रे युरोपीय छापील हागादांच्या वळणाची आहेत. परंतु बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. बाहेरून आलेल्या चौकटीत स्थानिक हाताने आपला मजकूर भरावा, ही सालोम इतालियाच्या गुंडाळीतील क्रिया येथे उलट्या अंगाने घडली आहे.

संग्रहालयांत एस्तेरची गुंडाळी ठेवतात ती सामान्यतः तीन-चार स्तंभांपुरती उलगडून, काचेखाली, आणि उलगडलेला भाग निवडतात तो चित्रांच्या सोयीने. खालची सूचनापट्टी कोरणकाराचे नाव सांगते. लेखनिकाचे नाव पुष्कळदा माहीत नसते. दोष सर्वस्वी संग्रहालयांचा नाही. समासावर सही करण्याची प्रथा कोरणकारांत होती. विहित मजकुरात मात्र लेखनिकाला स्वतःचे एक अक्षरही घालता येत नाही. म्हणूनच १५६४ च्या व्हेनिसमधील त्या गुंडाळीला निराळे महत्त्व आहे. स्त्रीने लिहिलेली एस्तेरची प्रत सार्वजनिक वाचनाला चालते की नाही, याविषयी धर्मपंडितांत मतभेद होते आणि आजही आहेत. एस्तेल्लीनेने सबंध ग्रंथ नियमाप्रमाणे उतरविला, आणि त्यासोबत आपले नाव, आपल्या पित्याचे नाव, स्थळ आणि साल यांची नोंद केली.